तळ्यातून मोटर काढणारा

श्रीगोंद्याजवळच्या एका पाणथळ तळ्याकाठी मी घरोघरी मुलाखती घेत होते. उसासाठी मोटरी लावून लोक तळं उपसत होते. ते वाचवायचं तर आधी त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं, एवढंच माझं संशोधन. त्यांतला एक शेतकरी विसरता येत नाही. उत्तर देण्याआधी तो टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि पाण्याकडे बघत बोलायचा.

बहुतेक घरांनी एकच सांगितलं होतं, बाकीच्यांनी उपसा थांबवला तर आम्हीही थांबवू. गावच्या बैठकीत मी ते मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी त्या टोपीवाल्या शेतकऱ्याने एकट्याने आपली मोटर काढली.

पुढच्या उन्हाळ्यात गेले, तर तळ्याला भेगा पडलेल्या. इतरांच्या मोटरींनी उरलंसुरलं पाणी ओढलं होतं. त्याचा ऊस त्याआधीच वाळून गेला होता.

"लोक खोटं बोलले का हो?" मी विचारलं.

"न्हाई वो ताई. समदे खरंच बोलले. पर पयली मोटर कुनी काढायची, ते कुनी बोललंच न्हाई."

मला त्याची मुलाखत पुन्हा घ्यायची होती. चाचरतच मी तसं सांगितलं.

"इचारा की," तो म्हणाला. "पर आता माझ्या बोलन्यावर इसंबून ऱ्हाऊ नका. आता म्या बी समद्यांवानीच बोलनार."