अठ्ठ्याण्णव ठोके

१९६१ साल, मे महिना, रविवार, सकाळचे साडेदहा. जागा आमच्या गावच्या खोतांचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. हजर माणसं सहा: मुंबईहून आलेले कानाचे डॉक्टर, त्यांचे दोन विद्यार्थी, खोत, माझी आई आणि मी. आईला खळ्यात स्टुलावर बसवलं होतं. तोंड तुळशीकडे, पाठ पडवीकडे. तिच्या मागे सहा फुटांवर, पडवीत, बाकीचे चौघे खुर्च्यांवर. मी तिच्यापुढे उकिडवा बसलेला. डाव्या हाताच्या बोटांत तिचं मनगट, उजवीकडे जमिनीवर वही.

डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुझ्या लुगड्याला आग लागलीय."

आई तुळशीकडे बघत राहिली.

"नाडी?"

"शहात्तर," मी म्हणालो. आधीही शहात्तरच होती. दोन्ही आकडे वहीत लिहिले.

आईला बहिरेपण जन्मापासून नव्हतं. त्याच्या चार वर्षं आधी तिला क्षय झाला. घाटावरच्या इस्पितळात तिला नव्वद सुया टोचल्या. नव्वद हा आकडा अंदाजाचा नाही, प्रत्येक सुईची तारीख मी टिपून ठेवली होती. आई वाचली. साठाव्या सुईच्या सुमाराला कानात वारं घुमल्यासारखं व्हायला लागलं, आणि घरी आली तेव्हा दाराशी कोंबडा आरवला तरी तिला कळत नव्हतं. उजव्या कानाला, अगदी जवळ ओरडलं तर, काहीतरी लागायचं. बाकी सगळं ती माझ्या तोंडाकडे बघून ओळखायची.

डॉक्टरांचं संशोधन अशाच माणसांवर होतं. कोणाचा कान फुटून वाहतो, कोणाला औषधानं बहिरेपण आलं, कोणाला वयानं, हे ते गावोगाव जाऊन तपासत होते. काम चांगलं होतं. आजही मी तसंच म्हणतो. त्यांच्याजवळ ऐकू येण्याची सहा यंत्रं होती. छातीवर अडकवायची डबी आणि कानापर्यंत वायर. ज्यांचं बहिरेपण खरं ठरेल आणि कानात थोडी धुगधुगी असेल, अशा सहा जणांना ती मिळणार होती. माझी सगळी आशा त्या डबीवर होती.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. अक्षर नीट आणि आकडा चुकत नाही, म्हणून शिक्षण खात्यानं मला दोन दिवस त्यांच्या हाताखाली दिलं होतं. खोती कायद्यानं गेली होती, पण गावात मोठी पडवी खोतांचीच, म्हणून शिबिर तिथे. माणसं आवारापलीकडे आंब्याखाली थांबायची आणि एकेक आत यायची.

आधी चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून कानामागे टेकवायचा. मग घड्याळाची टिकटिक. शेवटची चाचणी डॉक्टरांची स्वतःची होती. "फुकट यंत्र म्हटलं की सगळं गाव बहिरं होतं, मास्तर," ते मला म्हणाले होते. म्हणून माणसाला पाठमोरं बसवायचं आणि मागून त्याला झोंबेल असं काहीतरी बोलायचं. नाडी वाढली तर तो ऐकतो. नाही वाढली तर खरा बहिरा.

आदल्या दिवसापासून धरून आईच्या आधी तीस जण झाले होते. त्या तिसांच्या नाड्या मीच धरल्या. तोंडवलीचा, रापणीवर किनाऱ्याला जाळं ओढणारा एक म्हातारा होता. डॉक्टर त्याला मागून म्हणाले, "आजोबा, तुमची सून रात्री कोणाकडे जाते?" म्हातारा तुळशीवर बसलेल्या कावळ्याकडे बघून हसत होता. विद्यार्थी हसले. मीही हसलो. नाडी ब्याऐंशी, नंतरही ब्याऐंशी. लिहिली.

आईची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "साहेब, ही माझी आई. हिची नाडी दुसऱ्या कोणी धरली तर बरं."

"आकड्याला आई नसते, मास्तर. धरा."

मी धरली.

आगीच्या वाक्यानं काही झालं नाही, तेव्हा खोत खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, आगीबिगीन हिका कायएक व्हायचा नाय. मी वळखतंय हिका. जरा माका बोलूक द्या."

"बोला की," डॉक्टर म्हणाले. "घरातलं काही असलं तर उत्तम."

माझे वडील मी दोन वर्षांचा असताना मुंबईला गेले आणि परत आले नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आई तेव्हापासून खोतांच्या शेतात लावणीला जायची.

खोत आवाज चढवून म्हणाले, "गो, तुझो घोव कित्याक पळालो सांगू? हो झील खंयच्या बांदावर गावलो, तां तेका कळला म्हणान!"

एक विद्यार्थी खो खो हसला. दुसऱ्यानं त्याला अर्थ विचारला. पहिल्यानं सांगितला: नवरा का पळाला, तर हा मुलगा कुठल्या शेताच्या बांधावर मिळाला ते त्याला कळलं म्हणून. मग दुसराही हसला.

बोललो असतो तर चाचणी फुकट गेली असती आणि यंत्र गेलं असतं. तोंड दगडासारखं ठेवलं. पण बोटं माझ्या ताब्यात राहिली नाहीत. आईनं तुळशीवरून नजर काढली. माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिचे डोळे मोठे झाले. माझ्या बोटांखाली तिची नाडी धावायला लागली.

"मोजा."

मी मोजली. आकडा मी कधी खोटा सांगितलेला नाही.

"अठ्ठ्याण्णव."

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंत? शहात्तरची अठ्ठ्याण्णव! लिहा मास्तर, बहिरेपणाचं सोंग."

"साहेब, तिनं ऐकलं नाही. माझा हात थरथरला. ते बघून ती घाबरली."

"तुमचा हात का थरथरला?"

"मी ऐकलं म्हणून."

पुन्हा हसू.

"तर मग परत घ्या," मी म्हणालो. "नाडी तुम्ही धरा."

"एकेका बाईवर इतका वेळ घालवला तर झालंच. सोंग. लिहा."

मी लिहायला घेतलं. वहीत रकाने आठ होते. नंबर, नाव, वय, काटा, घड्याळ, नाडी आधी, नाडी नंतर, शेरा. मागून काय बोललं गेलं त्याला रकाना नव्हता. तीस माणसांना तीस वाक्यं ऐकवली होती आणि वहीत एकही नव्हतं. मी शेऱ्याच्या रकान्यात खोतांचं वाक्य लिहिलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, जसं बोलले तसं. खाली लिहिलं, बोलणारा, आणि खोतांचं पूर्ण नाव.

"इतकं काय लिहिताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाचणीत वापरलेलं वाक्य. नाडी कशानं वाढली हे वाचणाऱ्याला कळायला नको?"

खोत उठले. "माजा नाव घातलंस? माज्या पडवीत बसान?"

"पडवीत माका कोणी बसयल्यान?" मी म्हणालो. "मी खळ्यात आसय."

आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाशी मी मान वर करून बोललो होतो.

आई मोठ्यानं म्हणाली, बहिरी माणसं बोलतात तशी, "काय झाला रे? काय म्हटल्यान तेनी?"

मी मान हलवली. काही नाही.

"सांग माका. तुझो हात कापता."

तिला वाचता येत नव्हतं. खुणांनी सांगण्यासारखं ते नव्हतं. तिला काही कळायचं तर ते माझ्या ओठांवरून. म्हणजे ते वाक्य मला तिच्या तोंडासमोर, सावकाश, तोंड पूर्ण उघडून बोलायला हवं होतं. सव्वीस वर्षांचा होतो मी. नाही सांगितलं तर मीही त्या पडवीतलाच एक ठरत होतो. मी सांगितलं. 'बांदावर' हा शब्द तिला ओठांवरून लागेना. तो तीनदा बोलावा लागला. आवारापलीकडे बहिऱ्यांबरोबर आलेली, कान शाबूत असलेली माणसं भिंतीला टेकून ऐकत होती.

आई रडली नाही. तिनं विचारलं, "कोणी? डॉक्टरान?"

मी खोतांकडे बोट दाखवलं.

ती स्टुलावरून उठली आणि पडवीकडे वळली. "पाठीसून कित्याक बोललंस रे? हंय फुडे ये नि बोल. माका तुझा तोंड दिसाक व्हया."

तिच्या तोंडून खोतांना अरे-तुरे मी कधी ऐकलं नव्हतं. खोतांनीही नसावं. ते डॉक्टरांकडे बघायला लागले.

डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले, "आता तर उत्तरसुद्धा दिलं. आणखी काय पुरावा हवा?" त्यांनी वही माझ्या हातून घेतली, माझ्या ओळींवर लाल शाईनं काट मारली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, सोंग.

सहा यंत्रं दुसऱ्या सहा जणांना मिळाली. ते सहाही खरे बहिरे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. काही न ऐकता. पंधरा दिवसांत माझ्या बदलीचा कागद आला, नांदगावच्या आतल्या एका वाडीच्या शाळेवर. कारण 'प्रशासकीय सोय'.

हजर व्हायला सोळा दिवस होते. त्या सोळा दिवसांत मी तिसांच्या तीस घरी गेलो. धामापुरात, तोंडवलीला, मधल्या वाड्यांवर, पायी. प्रत्येकाला त्याच्या पाठीमागे काय बोललं गेलं ते समोर बसून सांगितलं. एकोणीस वाक्यं मला आठवत होती. अकरा आठवत नव्हती. त्या अकरा जणांच्या नाड्या मात्र पाठ होत्या. त्यांना मी तेवढंच सांगितलं, की तुम्हाला वाईट बोलले आणि मी ते विसरलो. एका बाईनं मी बसलेली जागा माझ्यादेखत शेणानं सारवली. एका घरी मुलगा अंगावर धावला.

रापणीवरच्या म्हाताऱ्याला सगळं समजायला वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "तू खंय होतंस तेव्हा?"

"तुमच्या फुड्यात. नाडी धरून."

"हसलंस?"

"होय. हसलंय."

त्यानं दाराकडे बोट केलं. मग म्हणाला, "जा."

मी गेलो.

आता मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. घर आहे, बायको आहे, तीन मुलं आहेत. अजून मास्तरच आहे. अक्षर नीट आहे म्हणून अजूनही मला बैठकांत लिहायला बसवतात. एखाद्या पोराला नापास करायचं असतं, एखाद्या शिपायावर चोरीचा आळ घालायचा असतो, एखाद्या बाईला शाळेतून काढायचं असतं. सगळे बोलतात. ज्याच्याविषयी बोलतात तो बाहेर व्हरांड्यात उभा असतो. मी लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, त्याला आत आणा. तुम्ही जे बोललात ते त्याच्यासमोर बोला, मग लिहितो. मुख्याध्यापकाची जागा दोनदा माझ्या हातची गेली. तिसऱ्यांदा जाईल.

आत आणा. नाहीतर वही कोरी राहील.