मामांचा अंगठा आणि माझी तपासणी

हा पराक्रम मी बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवलाय. पण आज चहा तुम्ही पाजताय, तेव्हा सांगणं आलंच.

सत्तर सालच्या आसपास मी नागपुरात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होतो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जेमतेम दोन महिने झाले होते, पण नातेवाइकांत मी अर्धा डॉक्टर!

एकदा काटोलहून मामा आले. संत्र्याच्या झाडाचा काटा उजव्या अंगठ्यात शिरून अंगठा टरारून सुजलेला. डॉक्टरकडे संध्याकाळी जायचं होतं. म्हटलं, थांबा मामा, आधी मी पाहतो. काट्याच्या भोकातून झिरपणारा पूचा थेंब काचेवर घेतला, कॉलेजात नेऊन रंग दिला आणि डोळा लावला.

काय सांगू! जांभळे, मोठाले गोळे, आणि कित्येकांच्या पोटात निळ्या ठिपक्यांचे घोस. जंतू मी तोवर पुस्तकातच पाहिलेला. हेच ते, दुसरे कोण असणार? आणि ठिपके? अंडी!

धावत घरी आलो. "मामा, जंतू दांडगे आहेत. वरून गाभण आहेत."

मामांचा चेहरा उतरला. "मंग अंगठा कापा लागते का गा?"

"शक्यता आहे," मी गंभीरपणे म्हणालो. डॉक्टर असंच म्हणतात ना?

थोड्या वेळानं पाहतो तर मामा पेपरच्या कडेवर डाव्या हातानं सही गिरवतायत. म्हटलं, खात्री करून घ्यावी. परत कॉलेज गाठलं आणि आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना काच दाखवली.

"अरे, हे गोळे म्हणजे तुझ्या मामांच्या पांढऱ्या पेशी," बाई म्हणाल्या. "जंतू म्हणजे ते ठिपके. पेशींनी गिळलेत त्यांना."

"आणि पू?"

"लढून मेलेल्या पेशीच बहुतेक."

मी पुन्हा डोळा लावला, तो काढवेना. एवढ्या रक्तातून नेमक्या अंगठ्याशी या आल्या कशा? यांना रस्ता कोणी सांगितला?

संध्याकाळी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, पेनिसिलिन टोचलं. अंगठा शाबूत राहिला. परतताना मी मामांपाशी सगळं कबूल केलं.

मामांनी अंगठ्याकडे पाहिलं. "त्या पेशीयले डोये असतात का गा?"

"नाही."

"दुर्बीण?"

"नाही हो मामा."

"तरी त्यायनं जंतू बरोबर वळखला." मामांनी पट्टी बांधलेला अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "बापू, उद्यापासून तू घरी राह्य. कालेजात याले पाठवू."