काढ ते हातमोजे

साठ साल उजाडायला अजून अवकाश होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, लहानशा दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची नर्स होते. रबरी हातमोज्यांच्या बाबतीत माझ्याइतकी चिकट बाई शोधून सापडली नसती. एकदा वापरून फेकायचे हातमोजे तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हते. धुवायचे, फुगवून गालाशी धरायचे. वारा लागला की तिथं भोक. मग जुन्या हातमोज्याचा तुकडा कापून सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं ठिगळ लावायचं, उकळायचं, पावडर लावून ठेवायचं. ठिगळाचे कोपरे गोल कापले तर ते सुटत नाही, हे मला दवाखान्यातल्या आमच्या मावशीनं शिकवलं होतं.

ही मावशी गावाबाहेरच्या तांड्यावरून पायी यायची आणि ऑपरेशननंतरची हत्यारं, सुया धुवायची. चांगली जोडी डॉक्टरांना, ठिगळाची मला, आणि मावशीला काही नाही. तिला हातमोजे लागतात, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

पोळ्याच्या सुमारास बैलानं पोटात शिंग खुपसलेला एक माणूस आला. त्याला आधीच कावीळ झालेली, डोळे पिवळेधमक; पण थांबायला वेळ नव्हता. ऑपरेशन झालं, माणूस वाचला. आवरून मी धुण्याच्या खोलीच्या दारात आले, तर मावशी माझी ठिगळाची जोडी घालून सुया धूत होती.

"हे काय सोंग?" मी ओरडले. "पोट फाडायला निघाली का मावशी?"

मागे वॉर्डबॉय खो-खो हसला. त्याच्या हसण्यानं मला आणखी चेव आला.

"सुया टोचून राह्यल्या बाई," ती म्हणाली आणि बोट वर केलं.

"काढ ते हातमोजे. फाटले म्हणजे?"

तिनं ते सावकाश काढले, पुसून फळीवर ठेवले आणि उघडे हात पुन्हा त्या लाल पाण्यात घातले. मी जोडी तपासली. कुठं फाटली नव्हती. तिचं बोट मात्र मी पाहिलं नाही.

कापसाची वेचणी सुरू झाली आणि मावशीला कावीळ झाली. "बाजारातलं उघडं खाल्लं असशील," मी तिलाच दटावलं. तांड्यावरच्या लोकांनी गळ्यात काविळीची माळ घातली. उतार पडेना, तेव्हा तिला आमच्याच वॉर्डात आणलं.

डॉक्टर तिच्या खाटेशी थांबले. "बैलानं मारलेल्या त्या पेशंटच्या सुया हिनंच धुतल्या ना?" त्यांनी मला विचारलं. "कावीळ रक्तातूनही लागते. हिच्या हातात हातमोजे होते?"

"होते," मी म्हणाले. इतक्या पटकन, की माझं मलाच नवल वाटलं.

डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

"होते साहेब," ती म्हणाली. "बाईनं देल्ते मले."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. त्यांच्या मागे जायला चार पावलं पुरली असती. मी तिथंच उभी राहून तिची चादर सारखी करत राहिले. दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली आणि तिसऱ्या दिवशी गेली. खरं बोलले असते तरी ती वाचली नसती, हे मला कळतं. पण मरताना तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, त्याचं काय करू? आज इतक्या वर्षांनीही मला त्याची लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात तिच्या जागी नवी बाई आली. मी सगळ्यात चांगली जोडी तिच्यापुढे ठेवली. ती दोन पावलं मागे सरकली.

"नको बाई. डॉक्टरसाहेबाचे असतीन. फाटले म्हणजे?"

"घाल म्हणते ना!" मी ओरडले, त्याच दारातून, त्याच आवाजात. बिचारीनं घाबरून हातमोजे घातले. तिला वाटलं, मी तिच्यावरच चिडले.