वन्संच्या कीबोर्डची वायर

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला सगळं घर ताई म्हणतं, मी वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलेलं नाही. जेवायला बसल्या तर निम्मं लक्ष गॅसकडे, गप्पा मारायला बसल्या तर हातात फडकं. त्यांचे मिस्टर, आमचे भावजी, अगदी उलटे. ते एकदा बसले की घराच्या भिंतीसारखे. वन्सं त्यांच्या पायाभोवतीनं केर काढतात.

नोकरीही त्यांना पायावर उभं राहायचीच मिळाली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीत त्या उमेदीची सगळी वर्षं होत्या. पिशवीवरचं लेबल आणि कागदावरचं लेबल अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय त्यांच्या हातून पिशवी सुटायची नाही. डॉक्टर खिडकीशी कितीही ओरडोत, वन्सं दोन्ही लेबलं मोठ्यानं वाचणार, शेजारणीकडून पुन्हा वाचून घेणार, मगच देणार. ही सवय घरीही आली. मिठाच्या डब्यावर मीठ, साखरेच्या डब्यावर साखर, वायरींच्या टोकांना चिकटपट्टीवर नावं. भावजी म्हणायचे, "एक माझ्याच कपाळावर चिठ्ठी नाहीये. चुकून दुसऱ्याला देऊन टाकशील कधीतरी."

"तुम्हाला कोण घेतंय?" असं म्हणून वन्सं पुढच्या खोलीत.

निवृत्त झाल्या आणि हातांना काही उरेना. तेव्हा वरच्या मजल्यावरची मंडळी घर सोडून चालली होती, त्यांचा जुना कीबोर्ड वन्संनी घेतला. कुणाकडे शिकायला गेल्या नाहीत. ऐकायचं आणि बोटांनी शोधायचं. कागदावर सूर कसे लिहितात ते त्यांना येत नाही, वाचताही येत नाही. पण देवानं कानात काहीतरी ठेवलंय खरं. थोड्याच दिवसांत त्या स्वतःच्या चाली वाजवू लागल्या.

त्यांच्या घरासमोर शाळा आहे. तिथल्या मुलांनी मिळून एक गाणं लिहिलं होतं, शाळेतून बाहेर पडणाऱ्या मोठ्या मुलांना निरोप द्यायला. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आसपास विचारलं, कुणी चाल लावून देईल का. वन्संनी लावली, फोनवर वाजवून पाठवली. बाईंना आवडली. पण त्या म्हणाल्या, मुलांना आणि साथीला वाजवणाऱ्यांना सूर कागदावर लागतात, आणि मला ऐकून लिहून काढायला सवड नाही. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत कागद आला तर तुमची चाल, नाहीतर गेल्या वर्षीचीच घेऊ.

आणि शनिवारी सकाळी वन्संच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन. रक्तपेढीतल्या कामानं ते मनगट पार गेलेलं. रात्री बोटं बधिर होतात, कप हातातून सुटतो. ऑपरेशननंतर बोटं पुन्हा अशी कधी चालतील, चालतील का, ते डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नव्हतं. थोडक्यात, चाल होती ती फक्त त्या बोटांत, आणि बोटं होती ती फक्त शुक्रवारपर्यंत.

ऑपरेशनला सोबत म्हणून मी शुक्रवारी सकाळीच गेले. दार उघडंच. वन्सं टेबलाखाली.

"काय शोधताय हो वन्सं?"

"काही शोधत नाही. बघतेय. हा बघ दिवा, लागलाय की नाही?"

वाकून बघितलं. एक काळी वायर. एका टोकाला कॉम्प्युटरमध्ये घालायची चपटी पिन, मध्ये लहानशी डबी, तिच्यावर लाल दिवा, आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना. कीबोर्डच्या मागे दोन गोल भोकं, त्यात त्या बसवलेल्या. कीबोर्ड जुना, त्याला सरळ कॉम्प्युटरमध्ये जाणारी वायर लागत नाही, म्हणून ही मागवलेली. माझ्या भाचीनं, म्हणजे वन्संच्या लेकीनं, गेल्या सुट्टीत कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम घालून दिला होता. कीबोर्डवर वाजवलं की पडद्यावर पाच रेघांत सूर आपोआप लिहिले जातात, असं ती म्हणाली होती.

"मग लागलाय की दिवा," मी म्हटलं.

"दिवा लागतो, पण हा म्हणतो, कीबोर्ड सापडला नाही! एवढा मोठा कीबोर्ड, नाकासमोर!" वन्सं बाहेर आल्या, गुडघे झटकले, स्वयंपाकघरात गेल्या, आधण ठेवलं, परत आल्या, पिन काढून पुन्हा घातली, परत स्वयंपाकघरात. मी नुसती बघूनच दमले.

भाची दुसऱ्या गावी असते. कॉलेजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये होती, म्हणून तिला या वायरींचं थोडंफार कळतं. तिला फोन लावला.

"आई, शांत बस आणि सांग. काय काय केलंस?"

"सगळं केलं."

"सगळं म्हणजे काय ते सांग."

"बंद केला, चालू केला, वायर काढली, घातली, फुंकर मारली..."

"फुंकर कुठे मारलीस?"

"जिथे मारायची तिथे! तू आपलं पुढचं बोल."

मग भाचीनं मला फोन धरून टेबलामागे फिरायला लावलं. मामी इकडे दाखव, मामी तिकडे दाखव. पिन थेट कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. एका लहान जोडपट्टीत होती, तिच्यात प्रिंटर, माऊस, भावजींच्या फोनचा चार्जर अशी सगळी दाटीवाटी.

"आई, ती जोडपट्टी काढ. वायर थेट कॉम्प्युटरला लाव. आणि आधी प्रोग्रॅम बंद कर, मग वायर घाल, मग प्रोग्रॅम उघड. तो उघडतानाच काय ते बघतो, नंतर कुणी आलं तर त्याला कळत नाही."

"तुझ्या बाबांसारखा आहे म्हण की."

भावजी पेपरातून म्हणाले, "ऐकू येतंय."

तसं केलं. आणि खरंच, यादीत वायरचं नाव उमटलं. वन्संनी टाळी वाजवली आणि लगेच मनगट धरून कळवळल्या. मग कीबोर्डची पट्टी दाबली. कीबोर्ड वाजला, पडदा कोरा. पुन्हा दाबली. जोरात. आवाज सगळा वाढवून दाबली, तशी खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. पडदा कोराच.

आता मात्र त्यांचा धीर सुटत चालला. खिडकीशी जायच्या, शाळेकडे बघायच्या, परत यायच्या. मधल्या सुट्टीचा गलका होऊन गेला होता. "गेल्या वर्षीचीच घेतील. रडकी चाल. मुलं निरोप देतायत की कुणाला पोचवायला निघालीयत तेच कळत नाही." परत खिडकी. मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी कुंडीत ओतलं. कळलंच नाही त्यांना.

भाचीनं सेटिंग बदलून बघायला लावली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावायला लावला. शेवटी म्हणाली, "मामी, कीबोर्डच्या मागची बाजू नीट दाखव. त्या गोल पिना."

मी फोन नेला. एका पिनेवर इन लिहिलेलं, ती इन लिहिलेल्या भोकात. दुसरीवर आऊट, ती आऊटच्या भोकात. वर वन्संनी दोन्हींना चिकटपट्टी लावून आपल्या अक्षरात पुन्हा तेच लिहिलेलं.

भाची हसायलाच लागली. "आई! उलट लाव. इनची पिन आऊटमध्ये, आऊटची इनमध्ये."

"काहीतरीच काय! इनला इन. लिहिलंय ना स्वच्छ."

"अगं, कीबोर्डमधून जे बाहेर निघतं ते वायरच्या आत जायला नको का? कीबोर्डचं आऊट म्हणजे वायरचं इन. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावायचं. तू तोंडाला तोंड लावलंयस."

वन्संनी हात मागे घेतला. मला वाटलं चिडल्या. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता, जरा भ्यायल्यासारखा. "नाही जुळत ते," हळूच म्हणाल्या. "नाव जुळत नसेल तर मी हात लावत नाही."

मला त्यांचं कळलं. उमेदीची सगळी वर्षं ज्या हातांनी नाव जुळवण्यात घालवली, त्यांना आता मुद्दाम न जुळणारं जोडायला सांगत होतो. तिथे तसं झालं असतं तर माणूस गेला असता. भाची फोनवर "आई, कर ना पटकन" म्हणत होती आणि इकडे या बाईच्या हाताला ते जमत नव्हतं.

"वन्सं," मी म्हटलं, "इथे कुणाचा जीव जात नाही. फार झालं तर कीबोर्ड मुका राहील, तो आत्ताही आहेच."

"तू लाव."

"मी नाही. वायर तुमची, चाल तुमची."

त्या पुटपुटल्या काहीतरी. दोन्ही पिना काढल्या. मोठ्यानं वाचलं, "इन... आऊटमध्ये." माझ्याकडे बघितलं. रक्तपेढीतल्या शेजारणीसारखं मीही वाचलं, "इन, आऊटमध्ये." मग घातली. दुसरीचंही तसंच. पट्टी दाबली, आणि पडद्यावर एक काळा ठिपका शेपटीसकट येऊन बसला.

"आला!" भावजी चक्क उठून आले. "हा कोण?"

"हा मी," वन्सं म्हणाल्या.

पुढचं सोपं असेल असं वाटलं होतं. प्रोग्रॅममध्ये ताल धरायला टिकटिक लावता येते. वन्सं टिकटिकीच्या पुढे धावायच्या. "हीच हळू आहे," म्हणायच्या. भाचीनं सांगून टिकटिकीचा वेग वाढवून घेतला, तर वन्संनी आपला आणखी वाढवला. तरी हात दुखायला लागायच्या आत त्यांनी सबंध चाल वाजवली, पाच रेघांच्या ओळी भरत गेल्या, आणि भाचीनं सांगितलं तसं आम्ही ते पान बाईंना पाठवून दिलं. वन्संनी मनगटाला गरम पाण्याची पिशवी धरली आणि पिशवीसकट येरझाऱ्या घालू लागल्या.

बाईंचा फोन लगेच आला.

"चाल फार गोड आहे हो. पण मुलं श्वास कुठे घेणार?"

"म्हणजे? घेतील की येता-जाता."

"कुठे घेतील? ओळ संपते न संपते तोच तुमची पुढची सुरू. एवढीशी पोरं आहेत, धापा टाकतील. ओळीच्या शेवटी थोडं थांबा ना. तेवढं करून पाठवा, शाळा सुटायला अजून जरासा अवकाश आहे. मी थांबते."

फोन ठेवला. भावजी पेपर तोंडासमोर धरून बसले, पण पेपर हलत होता.

"हसा, हसा," वन्सं म्हणाल्या आणि कीबोर्डवर बसल्या.

थांबता येईना. ओळ संपली की बोट आपोआप पुढच्या पट्टीवर. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मधेच करंगळी घसरली, बधिर झाली होती. हात झटकला, डोळे भरले. "मला नाही येत थांबायला. गेल्या वर्षीचीच घेऊ दे त्यांना."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. "ओळ संपली की मी देवाचं नाव घेते. माझं पुरतं घेऊन होईपर्यंत तुम्ही पुढची पट्टी दाबायची नाही."

"मनात घेशील, तर मला कसं कळणार?"

"मोठ्यानं घेतलं तर लिहिलं जाईल ना ते?"

भाची फोनवर होतीच. "मामी, त्या वायरीतून आवाज जातच नाही. फक्त बोटं जातात. तू खुशाल ओरड."

वन्संनी सुरुवात केली. पहिली ओळ संपली, मी नाव घ्यायला लागले, निम्म्यावर आले तर वन्सं पुढच्या ओळीत.

"वन्सं, देवाला निदान पुरतं बोलवू तरी द्या."

भावजींनी पेपर खाली ठेवला. वन्संना हसू आलं, आणि हसल्यामुळे असेल, खांदे जरा खाली आले. पुन्हा पहिल्यापासून. ओळ. नाव. बोट हवेत थांबलेलं, मी शेवटचं अक्षर उच्चारलं, मग पडलं. ओळ. नाव. मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या बोटाकडेच बघत होते आणि मनापासून घेत होते, नुसतं मोजण्यापुरतं नाही. शेवटच्या ओळीला तर त्याच माझ्याबरोबर पुटपुटत होत्या.

पान भरलं. जिथे जिथे नाव घेतलं होतं तिथे रेघांमध्ये एक लहानशी वाकडी खूण. "हे काय?" वन्संनी विचारलं.

"तिथे काही वाजवायचं नाही, अशी खूण," भाची म्हणाली. "पाठव आई, चल."

पाठवलं. शाळेची घंटा झाली, मुलं बाहेर सांडली. फोन वाजेना. वन्सं खिडकीत गेल्या, मीही गेले. गर्दी ओसरली तेव्हा गाण्याच्या बाई फाटकाशी आल्या, हातात ताजा छापलेला कागद. तिथेच उभ्या राहून वाचत होत्या. ओठ हलत होते, दुसऱ्या हाताची बोटं ताल धरत होती, आणि मधूनमधून हात थांबायचा, खांदे वर जायचे, आणि पुन्हा सुरू.

वन्संनी माझा दंड घट्ट धरला, दुखऱ्याच हातानं.

"बघ," म्हणाल्या. "थांबतेय ती. तिथेच थांबतेय."