अण्णांचे बूट डब्लिनला राहिले, त्याची खरी हकिकत

अंबरनाथच्या कारखान्याने मला यंत्रं शिकायला विलायतेला धाडलं, ती पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. कोट उल्हासनगरच्या कॅम्पातला. "साईं, इस में से बरफ भी अंदर नहीं आएगी," दुकानदार म्हणाला होता. खरंच आली नाही. पण कोट इतका जड, की मी ज्या बाजूला उभा राहीन त्या बाजूला बोट कलायची. कप्तानाने मला मधोमध बसवून नेलं.

बूट मात्र सासऱ्यांचे. कुळगावच्या आमच्या अण्णांनी ते आयुष्यात एकदाच, कलेक्टरसाहेबांना भेटायला घातले होते. एरवी ते देव्हाऱ्याशेजारी फडक्यात बांधलेले असत.

"जावईबापू, जसे नेताय तसे आणा."

"अण्णा, पायात कमी आणि हातात जास्त ठेवीन."

"ठेवाल हो. तुमचं बोलणं म्हणजे रुपयातले चार आणे खरे!"

ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडातून बोटीने डब्लिनला गेलो. जुन्या किल्ल्याच्या मागे, देवळाएवढ्या घंटा असलेल्या एका चर्चला लागून, एका विधवा बाईंचं गेस्टहाऊस होतं. घंटा वाजली की माझ्या पुढ्यातलं अंडं आपोआप फुटायचं. बाई अंगाने दांडग्या, मनाने लोणी. पहिल्या दिवशी मी सवयीने बूट खोलीच्या दाराबाहेर काढले. सकाळी बघतो तर आरसा! बाईंनीच पॉलिश करून ठेवले होते. मी मनात म्हटलं, काय देश आहे! आपल्याकडे बाहेर काढलेली चप्पल जाग्यावर राहिली तरी नवस फेडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी शेजारचं चर्च बघायला निघालो. आठशे वर्षांचं जुनं, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आमचं अंबरनाथचं शिवालय याहून म्हातारं." त्यांनी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही. मला त्याची सवय होतीच.

चर्चच्या ओवरीत भिंतीला लागून बुटांची रांग मांडलेली. मला गहिवरून आलं. इथेही लोक देवाच्या दारात पायताण काढतात! मीही अण्णांचे बूट रांगेच्या अगदी टोकाला, नीट जोडीने ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. आत सगळे बूट घालूनच बसले होते. म्हटलं, असतात काही बेशिस्त, आपल्या गावातही आहेत.

बाहेर आलो तर रांग गायब. एक एप्रनवाली बाई रिकामी टोपली आवरत होती. माझ्या मोज्यांकडे बघून तिचे डोळेच भरले.

"तुम्ही पायातले दिलेत? लोक जुनेपाने देतात हो गरिबांना. देव तुमचं भलं करो!"

"कुणाला?" मी विचारलं. तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एक काटकुळा म्हातारा अण्णांच्या बुटांत जपून पावलं टाकत चालला होता, चिखल चुकवत, थेट अण्णांसारखा. मी मोज्यांवर धावलो. आगगाडी मागे टाकली असेन! गाठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एप्रनवाली मागून ओरडली, "हेच ते! यांनीच दिले!" म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. आता या माणसाला काय म्हणू? काढ बूट, म्हणू?

हात सुटल्यावर मी आल्या वाटेने परत फिरलो. मोज्यांतून पाणी वर चढत होतं.

गेस्टहाऊसच्या बाईंनी नवऱ्याचे जुने बूट मला दिले. एकेकात माझे दोन्ही पाय मावले असते. शिक्षण संपवून परतल्यावर तेच घेऊन कुळगावला गेलो, अण्णांपुढे ठेवले आणि घडलं तसं सगळं सांगितलं. शपथेवर सांगतो, त्या दिवशी एका शब्दाचीही फोडणी घातली नाही.

अण्णांनी त्या होड्या उलटसुलट करून पाहिल्या. मग ही आतून चहा घेऊन आली, तर तिला म्हणाले, "अगं, तुझ्या नवऱ्याला सांग, विकले असतील तर विकले म्हणावं. देवळाबाहेर काढले न् म्हाताऱ्याने नेले, ही कसली गोष्ट? निदान समुद्रात वादळ तरी आणायचं!"

मी हिच्याकडे पाहिलं. ती बशीत चहा ओतत होती, आणि तिलाही माझं खरं वाटलेलं दिसत नव्हतं.

अण्णांनी देव्हाऱ्याशेजारचं रिकामं फडकं उचललं, झटकलं, घडी केली, आणि परत तिथेच ठेवलं.