सुईण, सकाळी सात ते अकरा

मुलुंडच्या ज्या शाळेत मी पहिली नोकरी केली, तिच्या हेडसरांना एका हिवाळ्यात ग्रीक लोकांची बाधा झाली. तोवर माणूस बरा होता. पुण्याहून बी.टी. होऊन आलेले, धोतर स्वच्छ, टोपी सरळ, आणि पुण्याचे असूनही आल्यागेल्याला चहा विचारणारे.

शाळा म्हणजे भाताच्या खाचरांना लागून एका बैठ्या घराच्या चार खोल्या. शिकवणारे तिघं: हेडसर, दुसरीच्या बाई आणि चौथीला मी. शाळेला अजून सरकारी मान्यता नव्हती आणि मला अजून कायम केलेलं नव्हतं. वडिलांनी घरी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "कायम झालीस तर कर नोकरी, मी मध्ये येणार नाही. नाही झालीस तर वैशाखात कऱ्हाडच्या स्थळाला होकार कळवतो." कऱ्हाडचं स्थळ म्हणजे दोन मुलांचा बाप असलेला एक बिजवर, तपकिरीचा व्यापारी. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, आणि तेवढ्यात तो तीनदा शिंकला होता. पण नोकरी मला नुसती त्याला टाळायला हवी होती असं नाही. मला शिकवायला मनापासून आवडायचं. वर्गातल्या एखाद्या मठ्ठ पोराला भागाकार जमला की मलाच पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

तर ग्रीक लोक. एका शनिवारी शाळा सुटल्यावर हेडसरांनी आम्हा दोघींना बसवून घेतलं. म्हणाले, अथेन्सात एक म्हातारा होता. तो बाजारात जाऊन लोकांना नुसते प्रश्न विचारायचा, उत्तर कधी द्यायचा नाही, वर म्हणायचा मला काही येत नाही. त्याची आई सुईण होती. तोही म्हणायचा, मी सुईणच आहे. ज्ञानाचं मूल तुमच्याच पोटात असतं, मी फक्त बाहेर यायला मदत करतो. त्याच्या शिष्याचं म्हणणं, मुलांना आधी गाणं आणि व्यायाम द्या, गणित मागाहून. आणि शिष्याचा शिष्य म्हणे चालता चालता शिकवायचा. तिघांची नावं हेडसर अशी घेत होते की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या घरातली वडीलधारी माणसं नुकतीच गेली आहेत.

"पण सर, त्या म्हाताऱ्याला शेवटी विष पाजलं ना?" दुसरीच्या बाईंनी विचारलं.

"का पाजलं असेल? तुम्हाला काय वाटतं?" हेडसर म्हणाले, आणि त्या क्षणापासून आमच्या शाळेत उत्तर देणं बंद झालं.

चालता चालता शिकवणं एका दिवसात आटोपलं, कारण पोरं खाचरातले खेकडे खिशात घालून वर्गात आली. प्रश्न मात्र राहिले. शिक्षकाने काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं, असा नियम झाला. बारा सत्ते किती हे पहिल्याच आठवड्यात मतदानाने ठरलं, आणि नव्वद बहुमताने निवडून आले. एका पोराने "बाई, एकीला जाऊ?" म्हणून करंगळी दाखवली, तेव्हा हेडसर दारात उभे होते. नियमाप्रमाणे मी विचारलं, "तुला जावंसं का वाटतं?" बिचारं विचार करत उभं राहिलं. मग फरशी पुसावी लागली. दुसऱ्या एकाला बापाने घरी विचारलं, "दूध आणलंस का रे?" त्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, आणणं म्हणजे काय?" दुसऱ्या दिवशी शाळेत आला तेव्हाही त्याचा गाल लाल होता.

दुसरीच्या बाईंना ही पद्धत फार मानवली. "असं का होत असेल बरं?" एवढं फळ्यावर लिहून त्या तास संपेपर्यंत स्वेटर विणत. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. तो म्हातारा भरल्या पोटाच्या, रिकामटेकड्या बाप्यांना प्रश्न विचारत होता. माझ्यासमोर नाक पुसायचीही अक्कल न आलेली पोरं होती. मी दार लावून चोरून पाढे म्हणून घ्यायचे. चोरून पाढे शिकवणारी मुलुंडात तरी मी एकटीच असेन.

रोज प्रार्थना संपली की हेडसर मोठ्याने विचारत, "उत्तर कुठे आहे?" पोरांनी छातीवर हात ठेवून ओरडायचं, "उत्तर आमच्या आत आहे!" एवढं मात्र सगळ्यांना पाठ झालं.

मग बातमी आली की शाळा तपासायला शिक्षणखात्याचे दिपोटी येणार. त्यांनी चांगलं लिहिलं तर मान्यता मिळणार, आणि मान्यता मिळाली तर मी कायम, हे हेडसरांनी मला ग्रीक लोकांच्या आधीच कबूल केलं होतं. शाळेच्या फाटकावर वेळेची जुनी पाटी होती. तिच्या वरच्या मोकळ्या जागेत 'शिक्षक ही ज्ञानाची सुईण होय' असं रंगवून घ्यायचं त्यांनी ठरवलं. रंगारी एरवी दवाखान्यांच्या पाट्या करायचा. कुठल्या शब्दावर गिऱ्हाईक येतं हे तो त्याच्या परीने जाणून होता. त्याने बाकीचे शब्द मुंगीएवढे काढले आणि 'सुईण' तेवढं लाल रंगात, सावली देऊन, हातभर. खाली जुनी वेळ होतीच. रस्त्यावरून वाचलं की दिसायचं: सुईण, सकाळी सात ते अकरा.

हेडसरांना पाटी पसंत पडली. पलीकडच्या चाळीतल्या दोन सासवा येऊन मला खालून वर न्याहाळून गेल्या. एवढी कोवळी सुईण त्यांना पसंत पडली नसावी.

दिपोटी आले ते थेट माझ्याच वर्गात. जाड भिंगांचा चष्मा, बंद गळ्याचा कोट. भूगोलाचा तास होता. दिशा मी आठवडाभर दार लावून घोटून घेतल्या होत्या, त्यामुळे मी निर्धास्त होते. दिपोटींनी खिडकीबाहेर पाहिलं, मग मुलांकडे वळून विचारलं, "सांगा पाहू, उत्तर कुठे आहे?"

अख्ख्या वर्गाने छातीवर हात ठेवला. "उत्तर आमच्या आत आहे!"

माझी वाट लागली, मी मनात म्हटलं. दिपोटींनी चष्मा काढून पुसला. "आणि दक्षिण?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "ती मग बाहेर असेल, साहेब."

हेडसरांचे डोळे भरून आले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून दिपोटी हळू आवाजात म्हणाले, "फार खोल आहे हे." मी चाट पडले.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गिरणीतला असावा, केसांत कापूस अडकलेला. धावून धावून त्याला धाप लागली होती.

"सुईण खंय आसा? बोर्ड वाचून इलंय. माझी बायको अडली हा."

हेडसर शांतपणे पुढे झाले. दिपोटी बघत होते, आणि अशी संधी हेडसरांना पुन्हा मिळणार नव्हती. "सुईण म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं?"

"माका सुईण व्हयी."

"हो, पण जन्म देतं कोण? सुईण की आई?"

"तकडे बायकोक कळो येतत, आनि तुमी माका ह्या काय विचारतास?" तो रडकुंडीला आला. दिपोटी मान डोलावत होते. पोरंही कान देऊन ऐकत होती, कुणाची चूक निघते ते बघायला.

मला सगळं दिसत होतं. कायम होणं दिसत होतं, कऱ्हाड दिसत होतं. हेडसरांनी माझ्याकडे पाहून हळूच बोट ओठांवर ठेवलं, तेही दिसलं. आणि मी म्हणाले, "इथे सुईण नाही. ही शाळा आहे. स्टेशनापलीकडे नर्सबाई राहतात. चला, मी घर दाखवते." खडू टेबलावर ठेवला आणि दिपोटींच्या शेजारून बाहेर पडले.

आम्ही धावतच गेलो. वाटेत मी त्याला विचारत होते, पहिलीच खेप का, कळा कधीपासून, जवळ बाईमाणूस कोण आहे. तो धापा टाकत पटापटा सांगत होता. नर्सबाई भाकरी थापत होत्या. त्यांनीही तेच सगळं विचारलं, तवा उतरवला आणि पिशवी उचलली. त्या माणसाच्या दाराबाहेर मी थांबून राहिले. मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत एवढं ऐकूनच मी परत फिरले. इतकं हलकं मला त्या अख्ख्या वर्षात वाटलं नव्हतं.

शाळा सुटली होती. दुसरीच्या बाई फाटकाशीच भेटल्या. सुया पिशवीत खुपसत म्हणाल्या, "मान्यता मिळाल्यात जमा आहे गं. दिपोटी जाम खूश. तुझ्यावर तेवढे नाराज होते. म्हणाले, पद्धत उत्तम आहे, पण त्या बाई परक्या माणसालासुद्धा सरळ उत्तर देतात."

हेडसर खोलीत एकटेच बसले होते. टोपी काढून टेबलावर ठेवलेली. त्यांना तसं बोडकं मी प्रथमच पाहत होते. मीच विचारलं, "सर, मी कायम होणार का?"

त्यांच्या प्रश्नांचा मला महिनोन्‌महिने वीट आला होता. पण त्या घटकेला मी देवाला विनवत होते की यांनी विचारावं, कायम म्हणजे काय, तुम्हाला काय वाटतं. काहीही विचारावं. मी तिथे संध्याकाळपर्यंत बसून उत्तरं दिली असती.

"नाही," हेडसर म्हणाले.