प्रांतसाहेबांपुढं अमेरिकेचे अध्यक्ष

आधार कार्डाप्रमाणे माझी आई माझ्या थोरल्या भावापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. कार्ड काढायला गेली तेव्हा मशीनवरच्या माणसानं जन्मसाल विचारलं, तिनं "म्हाईत न्हाय" म्हणून सांगितलं आणि त्यानं तिच्या तोंडाकडं बघून अंदाजानं एक साल घातलं. ते आम्ही घरी वाचून दाखवलं तर ती खूश झाली.

"बघ की, ल्हान दिसतोय मी अजून," म्हणाली.

त्या नऊ वर्षांनी पुढं बरीच वर्षं कुणाचं काही अडवलं नाही. मग भावाची मुलगी अमेरिकेत बाळंत झाली आणि तिनं हट्ट धरला की आजीला पाठवा. आई निपाणीत भावाकडं राहते, मी बेळगावात टिळकवाडीत. शाळेत शिकवते, म्हणून घरातली सगळी कागदपत्रं आपोआप माझ्याकडं येतात. मी एजंटाकडं गेले. त्यानं आईचं कार्ड पाहिलं, भावाचा जन्मदाखला पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"मॅडम, नऊ वर्षांची आई? व्हिसाच्या खिडकीतला माणूस दुसऱ्या खिडकीतल्याला बोलावून दाखवंल हे."

तेव्हा वय दुरुस्त करायला हवं. त्याला जन्मदाखला हवा. एवढ्या वर्षांनी जन्माची नोंद करायची तर प्रांतसाहेबांचा हुकूम हवा आणि त्यासाठी आईचा जन्म आठवणारा जिवंत साक्षीदार हवा. असा साक्षीदार जगात एकच उरला होता. आक्का. ती आईची चुलत बहीण, सात-आठ वर्षांनी मोठी. दोघी एकाच वस्तीत जन्मल्या, लग्न होऊन एकाच गल्लीत आल्या आणि जन्मभर एकमेकींसमोर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या.

"आईचा जन्म कवाचा गं आक्का?" मी विचारलं.

"सोपं हाय की. गोळीवाला गेला तवा ही सहा वर्साची."

हे गोळीवाला प्रकरण समजायला आमचे वडील समजले पाहिजेत. ते तंबाखूच्या वखारीत कारकून होते. आमच्या वस्तीत सातवी पास झालेला पहिला माणूस, त्यामुळं आलेला प्रत्येक कागद वाचणं हे आपलं कर्तव्य आहे असं त्यांना वाटायचं. कुणीतरी त्यांना सांगितलं की मुंबईला एक पोस्टकार्ड टाकलं की अमेरिकेचं मासिक फुकट घरी येतं. त्यांनी टाकलं आणि ते खरंच यायला लागलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. इंग्रजी त्यांना अर्धंच कळायचं. राहिलेलं अर्धं ते स्वतः घालायचे, आणि संध्याकाळी विड्या वळणाऱ्या बायकांना सगळं मिळून वाचून दाखवायचे. वाचून झालेल्या अंकांची कव्हरं आमच्या वह्यापुस्तकांना. माझ्या चौथीच्या कन्नडच्या पुस्तकावर एक टकला जनरल होता आणि गणितावर त्याची बायको.

बायकांना अध्यक्षांची परदेशी नावं ध्यानात राहत नव्हती. म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. आणि पुढं कधीतरी वस्तीत लोक वर्षं मोजायलाही तीच नावं वापरायला लागले. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमच्यात ती सोय होती. भाऊ जिन्यावरनं पडणाऱ्याच्या काळातला. मी शेंगावाल्याच्या. वडिलांना एकदा मी विचारलं होतं की आपल्या मुख्यमंत्र्यांवरनं का मोजत नाही.

"कुठल्या मुख्यमंत्र्यावरनं?" ते म्हणाले. "बेंगळूरचा धरला तर तुझा चुलता जेवायला येत न्हाय. मुंबईचा धरला तर कचेरीत काम होत न्हाय. अमेरिकेच्या अध्यक्षावरनं निपाणीत आजवर एक डोकं फुटलं न्हाय."

शिवाय अमेरिकेचा माणूस चार वर्षं हलत नाही, असंही ते म्हणायचे. आमच्याकडचे कधी आले आणि कधी गेले हे विडीचा एक कट्टा बांधून होईपर्यंत कळायचं नाही.

तर सुनावणीच्या दिवशी मी आईला आणि आक्काला घेऊन प्रांत कचेरीत गेले. दोघी इस्त्रीची पातळं नेसून आल्या होत्या. साहेब तरुण होते, म्हैसूरकडचे, त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं. शेजारी शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, जाड फाईल घेऊन बसलेले. मला कन्नड येतं, पण मी अर्जदाराची मुलगी, माझं भाषांतर चालणार नाही म्हणाले. म्हणून दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला आत बोलावलं. तो आमच्याच भागातला, पन्नाशीचा, फार गंभीर माणूस.

साहेबांनी विचारलं, "अर्जदार कधी जन्मली?"

शिपायानं मराठीत विचारलं. आक्का म्हणाली, "गोळीवाला गेला त्या दिवशी हिचं म्होरचं दोन दात पडल्यालं हुतं. मी तिला घिऊन वखारीत गेलतो. मालकाच्या रेडिओवर सांगितलं. सगळी गप झाली आणि ही हसली. दात न्हवतं, म्हणून मला चांगलं ध्यानात हाय."

शिपायानं ते तसंच्या तसं कन्नडमध्ये सांगितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"गोळीवाला कोण? गावात खून झाला होता काय?"

"अमेरिकेचा अध्यक्ष, सर," शिपाई म्हणाला. तोही लहानपणी आमच्या वस्तीशेजारीच वाढला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

शिरस्तेदार उठून उभे राहिले. साक्ष गावातल्या घटनेची पाहिजे, ते म्हणाले. पूर, आग, जत्रा, दुष्काळ. परदेशातल्या अध्यक्षाच्या मरणाचा निपाणीतल्या बाईच्या जन्माशी काय संबंध? आणि विड्या वळणाऱ्या बाईला तो अध्यक्ष माहीत तरी कसा? हे कुणीतरी पढवून आणलेलं दिसतंय. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिक्षिकेकडं लोक पाहतात तसंच.

साहेबांनी मोबाईलवर काहीतरी शोधलं. साल मिळालं. पण शिरस्तेदारांचं म्हणणं त्यांना पटलेलं दिसत होतं. त्यांनी आईला विचारलं, "अज्जी, त्याच्यानंतर कोण झालं?"

आई मान खाली घालून बसली होती. तिनं वर पाहिलं. लग्नाच्या गोष्टी बोलायला आलेल्यांसमोर मुलगी बसते तशी ती आतापर्यंत बसलेली. आता तिनं पदर नीट केला आणि सुरू झाली.

"गोळीवाल्याच्या मागनं कुत्रं कानाला धरून उचलणारा. त्याच्या मागनं टेपवाला. त्यो लबाड, त्याला घालवला. मग जिन्यावरनं पडणारा. मग शेंगावाला. मग सिनेमावाला, त्यो आठ वर्सं. मग बाप."

"कुणाचा बाप?" साहेबांनी विचारलं.

"म्होरं सांगतो की. बापाच्या मागनं भानगडवाला. त्याच्या मागनं लेक."

"बापाचा," आक्कानं खुलासा केला.

शिपाई एकेक नाव कन्नडमध्ये सांगत होता. टायपिस्ट बाई ते टाईप करत होती. कुत्र्याच्या कानापाशी तिचे हात थांबले. तिनं साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मान हलवली, तिनं कान टाईप केले. साहेब मोबाईलवर एकेक चेहरा पुढं सरकवत होते आणि जुळतंय का बघत होते. जुळत होतं.

"लेकाच्या मागनं आपला," आई म्हणाली.

"नम्मव," शिपाई म्हणाला.

साहेब थांबले. "आपला म्हणजे? भारताचा?"

आईला हा प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलायचं नाही असं ठरलेलं. मग तिनं स्वतःच सांगितलं, नेहमीच्या आवाजात, रेशनच्या रांगेत सांगावं तसं.

"काळा हुता. त्याच्या जातीला तिथं पूर्वी पाणीसुदिक येगळं. तरी बसला खुर्चीत. आमच्या मालकांनी, म्हंजी हिच्या वडलांनी, त्या दिवशी वखारीत पेढं वाटलं. तंबाखूच्या हातानं वाटलं, कडू लागत हुतं, तरी समद्यांनी खाल्लं. त्याच्याच दुसऱ्या वर्साला मालक गेलं."

शिपायानं हे सांगितलं, पण जरा सावकाश. शिरस्तेदार खाली बसले. ते का बसले ते मला माहीत नाही. कदाचित पाय दुखत असतील.

"पुढं?" साहेब म्हणाले.

"बिल्डर. मग म्हातारा. मग परत बिल्डर."

"थांबा," शिरस्तेदार पुन्हा उभे. त्यांना धागा सापडला होता. "एकच माणूस दोनदा सांगितला. साक्ष चुकली. मध्ये दुसरा येऊन गेल्यावर तोच परत कसा येईल? मोजणीतच चूक आहे म्हटल्यावर मागचं सगळं वय चुकीचं."

शिपायानं आईला हे सांगितलं तर ती चिडली. "दोनदा आला तर माझी काय चूक? ज्यांनी आणला त्यांस्नी इचारा. आमाला काय हौस हाय? आता 'बिल्डरच्या काळात' म्हटलं की आक्का इचारती, पयल्या का दुसऱ्या. समदा हिशोब नासवला त्यानं."

"व्हय," आक्का म्हणाली. "माझ्या नातवाचं बारसं कुठल्या बिल्डरात, अजून कळंना."

मला राहवलं नाही. मी उभी राहून कन्नडमध्ये म्हणाले की साहेब, असं पूर्वी एकदा झालेलं आहे. वडिलांच्या त्या मासिकात सगळ्या अध्यक्षांचा एक तक्ता आला होता, तो माझ्या भूगोलाच्या वहीला होता, आणि त्यात एक मिशाळ जाडा माणूस दोन चौकोनांत होता, मध्ये दुसराच. मला ती छापण्यातली चूक वाटून मी एकावर शाईनं फुली मारली होती आणि वडिलांचा मार खाल्ला होता. साहेबांनी मोबाईलवर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मोबाईल शिरस्तेदारांपुढं धरला. शिरस्तेदारांनी तो मिशाळ माणूस दोन्ही ठिकाणी पाहिला, स्वतःच्या मिशीवरनं बोट फिरवलं आणि फाईल बंद केली.

पण सुनावणी काही संपली नाही. शिरस्तेदार हळूच शिपायाला म्हणाले, "विचार त्यांना, मी अमुक साली नोकरीला लागलो, तेव्हा कोण होता?"

आईनं बोटांवर मोजलं. "लेक. नुकताच आल्याला."

"आणि लग्न?" त्यांनी सालही सांगितलं.

"लेकच. पर दुसऱ्या डावातला."

शिरस्तेदारांनी ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. मग टायपिस्ट बाईनं आपलं जन्मसाल सांगितलं. ती भानगडवाल्याची निघाली आणि हिरमुसली. आक्कानं तिची समजूत घातली की माणूस कामाला चांगला होता, आणि बायकोनं ठेवून घेतला म्हणजे तो घरचा प्रश्न. बाहेर बसलेले लोक दारातनं डोकावायला लागले. सातबाऱ्यासाठी आलेला एक म्हातारा सरळ आत आला आणि आपला जन्म पुराच्या साली झाला, तर तेव्हा कोण, म्हणून विचारू लागला. कुठला पूर, आईनं विचारलं. त्याला ते सांगता येईना. शिपाई त्याला बाहेर काढायच्या ऐवजी त्याच्याशी पूर ठरवत बसला. कचेरीत अर्धा-पाऊण तास दुसरं काही काम झालं नाही. शेवटी साहेबांनी टेबलावर हात आपटला, पण त्याआधी स्वतःचं जन्मसाल विचारून घेतलं होतं. ते बापाच्या काळातले. "तोंडावरनं वाटलंच," आई म्हणाली. शिपायानं हे भाषांतर केलं नाही.

महिना कुठला, एवढंच राहिलं होतं. आक्का म्हणाली, तंबाखूची लावण नुकती उरकली होती. त्यावरनं महिना ठरला, आणि तारीख टायपिस्टनं घातली.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. कन्नडमध्ये, दोन पानं, गोल शिक्का. त्यात लिहिलं होतं की परराष्ट्राच्या प्रमुखाच्या निधनसमयी अर्जदाराचे पुढील दोन दात पडलेले होते, ही बाब साक्षीवरून सिद्ध होते. मी आईला मराठीत वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. आपण एका रात्रीत नऊ वर्षांनी म्हातारी झालो, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पुढं आधार झालं, पासपोर्ट झाला, व्हिसाही मिळाला. खिडकीतल्या बाईनं फक्त एवढंच विचारलं की कशाला जाताय, आणि आई म्हणाली, पोरीला तेल लावायला.

ती सहा महिने राहून आली. तिकडं भाचीच्या शेजारी एक वयस्क बाई राहायची, आईपेक्षा जरा मोठी. आईनं भाचीला मध्ये घालून तिच्याशी ओळख काढली आणि कुत्रं कानाला धरून उचलणाऱ्याचा विषय काढला. त्या बाईला काही आठवेना. आईनं टेपवाला सांगून पाहिला. तो आठवला, पण जिन्यावरनं पडणाऱ्यापाशी पुन्हा गाडी अडली. "मग मीच सांगितलं तिला समदं," आई म्हणाली. "बिचारी ऐकून घेत हुती. शिकल्याली हाय, पर त्यांच्यात कोण वाचून दावत नसंल."

बेळगावच्या सांबरा विमानतळावर मी तिला आणायला गेले तर ती पातळाखाली पांढरेशुभ्र, जाड तळव्यांचे बूट घालून चालत आली. भाचीनं घेऊन दिलेले. गुडघा दुखायचा थांबलाय म्हणाली. निपाणीला पोचल्यावर तोंडसुद्धा न धुता ती ते बूट घालून आक्काकडं गेली. आक्कानं तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, बाळाचं सगळं विचारलं. कुणासारखं दिसतं, तिकडं थंडीत अंघोळ कशी घालतात. आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "बघू गं ते बूट."

मापाला बरोबर बसले. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार ते आईच्या पायात असतात, मंगळवार, गुरुवार, शनिवार आक्काच्या. रविवारी कुणी घालायचे हे अजून ठरलेलं नाही.